काचेच्या वस्तू बांधून सुखरूप नेण्याची रीत

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांमधले जुने वाडे उतरवून त्या जागी इमारती उभ्या राहू लागल्यापासून पुण्यातल्या कित्येक कुटुंबांनी काही वर्षांसाठी कोथरूडला, सिंहगड रस्त्याला किंवा बाणेरला बिऱ्हाड हलवले आणि इमारत पुरी झाल्यावर ते पुन्हा पेठेत आणले. अशा हलवाहलवीत पितळी भांडी, पुस्तके आणि अंथरुणे कशीही भरली तरी पोहोचतात. जीव टांगणीला लागतो तो काचेसाठी. आमच्या घरी दिवाणखान्यात टांगलेली दिव्याची एक हंडी, दोन आरसे, तसबिरी, लोणच्याच्या बरण्या आणि सरबताचे सहा ग्लास एवढाच काचेचा पसारा होता. अंतर जेमतेम पाच किलोमीटर असल्यामुळे ग्लास आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून एका पिशवीत आडवे ठेवले, आणि त्यांतले चार टिचले. त्याच टेम्पोतून गेलेल्या हंडीला मात्र साधा चराही पडला नाही, कारण आईने एक अख्खी दुपार खर्चून ती जुन्या सुती साड्यांमध्ये बसवली होती. तेव्हापासून नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच घरांची काच मी बांधून दिली आहे. त्या कामात जे पक्के ठरले, तेच येथे क्रमाने मांडत आहे.

या सगळ्या खटाटोपाचे सूत्र एकच आहे: वस्तू खोक्यात हलू नये आणि ती दाबलीही जाऊ नये. पुष्कळ जण यातले पहिले अंग सांभाळण्याच्या नादात दुसरे विसरतात आणि ग्लास इतके घट्ट कोंबतात की ते वाटेत नव्हे, तर बांधतानाच तडकतात. पुढची प्रत्येक पायरी या दोन अटींपैकी कोणती तरी एक पाळण्यासाठीच आहे.

काच फुटते कशी

काचेला दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र सोसत नाही. काचेचे पान वाकले की त्याच्या एका बाजूवर दाब आणि दुसऱ्या बाजूवर ताण येतो, आणि भेग नेहमी ताणाच्या बाजूने सुरू होते. ही भेग कोऱ्या जागेतून उगवत नाही. काचेच्या पृष्ठभागावर आधीच असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरांपैकी एखादी चीर ताणाखाली पुढे सरकते आणि क्षणार्धात आरपार जाते. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२०च्या सुमारास हा उलगडा केला, आणि काचेची प्रत्यक्षातली ताकद तिच्या हिशेबी ताकदीपेक्षा इतकी कमी का भरते, याचे उत्तर त्यातून मिळाले. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा की बारीक खडा, वाळूचा कण किंवा शेजारच्या ग्लासाची कड काचेवर घासली, तर त्या वेळी काही फुटल्यासारखे दिसले नाही तरी ती जागा कमजोर झालेली असते. म्हणून काच गुंडाळण्यापूर्वी पुसून धूळ काढणे आणि काचेला काच कुठेही न लागू देणे, या दोन गोष्टींना मी सर्वांत जास्त महत्त्व देतो.

दुसरी गोष्ट धक्क्याची. खोके हातातून ७५ सेंटिमीटर उंचीवरून सुटले आणि फरशीवर एका मिलिमीटरच्या आत थांबले, तर आतल्या वस्तूला बसणारा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५० पट असतो. त्याच वस्तूखाली दबणारी गादी असेल आणि ती अडीच सेंटिमीटर दबून वस्तूला थांबवत असेल, तर तोच झटका ३० पटींवर येतो. वस्तूभोवतीचे मऊ साहित्य वस्तूला थांबायला जागा देते, एवढेच त्याचे काम असते. त्यामुळे ते साहित्य आधीच पूर्ण दाबून कोंबले असेल तर त्यात दबायला काही उरत नाही आणि ते लाकडासारखे वागते. दोन-अडीच सेंटिमीटर दबण्यासाठी मुळात किमान पाच सेंटिमीटर जाडीचा थर लागतो. खोक्याच्या भिंतीपासून काच सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर आत असावी, हा नियम याच हिशेबातून येतो.

बांधण्याआधीची तपासणी

आदल्या आठवड्यात एक दिवस ठरवून घरातली सगळी काच एका जागी, सतरंजीवर मांडावी. प्रत्येक वस्तू उजेडाकडे धरून फिरवून पाहावी आणि बरणी, वाडगा किंवा ग्लास असल्यास नखाने हलकेच वाजवून पाहावा. अखंड काच खणखणीत वाजते, तडा असेल तर आवाज बद्द येतो. तडा गेलेली वस्तू बांधण्यात अर्थ नसतो. ती वाटेत फुटतेच आणि तिचे तुकडे शेजारच्या चांगल्या वस्तूंना खरवडतात. आठवणीसाठी ती जपायचीच असेल तर तिला स्वतंत्र खोके द्यावे.

याच वेळी मौल्यवान वस्तूंची छायाचित्रे चारही बाजूंनी काढावीत आणि आधीच उडालेला टवका असल्यास तो जवळून टिपावा. वहीत खोक्याचा क्रमांक आणि त्यातल्या वस्तूंची संख्या लिहावी. हे काम कंटाळवाणे वाटते खरे, पण नव्या घरी पोहोचल्यावर बशा बारा होत्या की अकरा, हा वाद त्यामुळे उद्भवत नाही.

वस्तू किती जुनी आहे, याचाही विचार येथेच करावा. लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्या काळातली एखादी बरणी किंवा कंदिलाची चिमणी तुमच्या घरी असेल, तर तिची जाडी सगळीकडे सारखी नसण्याची शक्यता धरावी. जुन्या काचेत हवेचे बुडबुडे आणि जाड-पातळ जागा आढळतात, आणि जाड भाग जिथे पातळ होतो तिथे ती हमखास दगा देते. अशा वस्तूंना नव्या काचेपेक्षा एक थर जास्त द्यावा.

साहित्य

रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात पॅकिंगच्या साहित्याची दुकाने आहेत. तिथे खोकी, बबल रॅप, फोमचे तक्ते आणि चिकटपट्टी एकाच फेरीत मिळते. खोके मागताना ते किती प्लायचे, म्हणजे कागदाच्या किती थरांचे आहे, हे विचारून घ्यावे. किराणा दुकानातली बिस्किटांची खोकी तीन प्लायची असतात आणि काचेच्या वजनाखाली ती चेपतात. काचेसाठी पाच प्लायचे खोके घ्यावे. बाटल्या नेण्यासाठी आत पुठ्ठ्याचे खण असलेली खोकी मिळाली तर ग्लासांसाठी त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. खोके मोठे घेण्याचा मोह टाळावा. भरलेले खोके १२ ते १५ किलोंच्या वर गेले की उचलणाऱ्याचा हात अवघडतो आणि ते खाली ठेवले जाण्याऐवजी टाकले जाते.

रद्दी सर्वांत स्वस्त असली, तरी वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या आणि सोनेरी नक्षीच्या काचेला लागते, आणि सामान महिनोन् महिने बांधलेले राहणार असेल तर डाग पक्के बसतात. म्हणून काचेला लागणारा पहिला थर कोऱ्या कागदाचा किंवा धुतलेल्या सुती कापडाचा असावा. रद्दी पोकळी भरायला वापरावी. जुन्या सुती साड्या, धोतरे, पंचे आणि गोधड्या हे माझ्या मते विकतच्या साहित्यापेक्षा सरस आहे, कारण सुती कापड घसरत नाही आणि घडी घालून हवी तेवढी जाडी साधता येते. शिवाय हे सगळे नाही तरी नव्या घरी न्यायचेच असते. रेशमी आणि नायलॉनच्या साड्या मात्र निसटतात, त्या वापरू नयेत.

आंब्याच्या पेटीतला पेंढा पूर्वी काचेसाठी सर्रास वापरत आणि तो चांगला लवचिक असतो, पण पूर्ण वाळलेला असेल तरच. त्यात ओल राहिली तर बुरशी धरते आणि काचेवर पांढरट डाग पडतात. जून ते सप्टेंबर या काळात पेंढा टाळलेलाच बरा. पावसाळी दमट हवेत पुठ्ठाही नरम पडून त्याची ताकद घटते. त्या दिवसांत खोकी आदल्या रात्री गॅलरीत ठेवू नयेत आणि एकावर एक दोनपेक्षा जास्त रचू नयेत.

याशिवाय ४८ मिलिमीटर रुंदीची तपकिरी चिकटपट्टी, कागदी मास्किंग टेप, जाड मार्कर, कात्री, सुतळी आणि तळहाताला रबर असलेले हातमोजे जवळ असावेत.

खोके तयार करणे

खोक्याचा तळ हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तळाच्या मधल्या सांध्यावर चिकटपट्टीचे दोन थर लावावेत, आणि दोन्ही टोकांच्या कडांवरही आडवी पट्टी लावावी, म्हणजे इंग्रजी एच अक्षराचा आकार होईल. केवळ मधल्या सांध्यावर पट्टी लावलेले खोके कडेने उकलते. त्यानंतर तळाशी पाच सेंटिमीटरचा थर चुरगाळलेल्या कागदाचा किंवा घडी घातलेल्या गोधडीचा द्यावा. कागद चुरगाळताना गोळा घट्ट वळू नये. हातात दाबला तर दबावा आणि सोडला तर थोडा फुगावा, इतका सैल हवा.

पेले, ताटल्या आणि बरण्या

ग्लास गुंडाळण्यापूर्वी त्याच्या पोटात कोऱ्या कागदाचा सैल बोळा ठेवावा, कारण पातळ भिंतीला आतून आधार मिळाला तर ती बाहेरच्या दाबाने वाकत नाही. मग ग्लास कागदाच्या कोपऱ्यावर ठेवून तिरका गुंडाळत न्यावा आणि उरलेली टोके तोंडात दुमडावीत. त्यावर बबल रॅपचा एक वेढा, फुगे आतल्या बाजूला येतील असा द्यावा आणि चिकटपट्टी केवळ बबल रॅपलाच लावावी. दांडीच्या पेल्याच्या बाबतीत आधी दांडीभोवती कापडाची पट्टी गुंडाळून ती वाटीएवढी जाड करावी, म्हणजे पेला वरपासून खालपर्यंत एकसारखा होतो. ग्लास आणि पेले नेहमी उभे ठेवावेत, आडवे कधीही नाहीत. आडव्या ग्लासाच्या भिंतीवर वरचे सगळे वजन येते, आणि भिंत हाच त्याचा सर्वांत पातळ भाग असतो. आमचे चार ग्लास याच कारणाने गेले.

ताटल्या आणि बशांचेही तसेच आहे. त्या एकावर एक आडव्या रचल्या तर खालची ताटली वरच्या सगळ्यांच्या वजनाने मध्ये वाकते आणि तिच्या खालच्या अंगावर ताण येतो. त्याऐवजी प्रत्येक ताटली वेगळी गुंडाळून, चार-चारांचा गठ्ठा करून, स्वयंपाकघरातल्या मांडणीत लावतो तशा कडेवर उभ्या ठेवाव्यात. कडेवर उभ्या ताटलीवर धक्का तिच्या प्रतलातून जातो आणि तो ती सहज सोसते. गठ्ठ्यांच्या मध्ये दुमडलेला पुठ्ठा घालावा.

बरण्या पूर्ण रिकाम्या करून, धुऊन आणि किमान एक दिवस वाळवून मगच बांधाव्यात. लोणच्यासकट बरणी नेण्याचा आग्रह अनेक घरांत धरला जातो. पाच किलो लोणचे आणि त्याचे तेल यांचे वजन प्रत्येक खड्ड्यात बरणीच्या तळावर आदळत राहते. म्हणून लोणचे स्टीलच्या डब्यात काढून घ्यावे. झाकण बरणीवर बसवून बांधू नये, ते वेगळे गुंडाळून त्याच खोक्यात ठेवावे.

प्रत्येक खोक्यात जड वस्तू तळाशी आणि हलक्या वर, आणि दोन थरांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तक्ता घालावा. सगळे भरून झाले की उरलेली प्रत्येक पोकळी बोळ्यांनी भरावी, वर पुन्हा पाच सेंटिमीटरचा थर द्यावा आणि झाकणाचे पुठ्ठे तात्पुरते मिटवून खोके दोन्ही हातांनी हलके हलवावे. आतून किणकिण किंवा सरकण्याचा आवाज आला तर खोके पुन्हा उघडावे. झाकण वर फुगत असेल, तर आत दाब पडत आहे असे समजून एक वस्तू कमी करावी. या दोन परीक्षा झाल्याशिवाय मी पट्टी लावत नाही.

आरसे, तसबिरी आणि टेबलाची काच

सपाट काचेचे वजन काढणे सोपे आहे: एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. चार फूट बाय तीन फूट मापाची आठ मिलिमीटरची टेबलाची काच त्यामुळे सुमारे २२ किलोंची होते. ती एकट्याने उचलायची वस्तू नव्हे, हे हिशेबानेच कळते.

साध्या आरशावर मास्किंग टेपची मोठी फुली मारावी आणि कडांनाही पट्टी लावावी. या फुलीने आरसा फुटायचा थांबत नाही. फुटलाच तर तुकडे जागच्या जागी धरून ठेवले जातात आणि उघडणाऱ्याचे हात वाचतात. टेप दोन-चार दिवसांत काढून टाकावी, नाहीतर तिचा चिकटा उन्हात काचेवर वाळून बसतो. सोनेरी मुलाम्याच्या चौकटीला आणि मागून रंगवलेल्या काचेच्या जुन्या चित्रांना टेप अजिबात लावू नये. टेपबरोबर रंगाचे पापुद्रे निघतात आणि ते पुन्हा बसवता येत नाहीत. जुन्या फोटोंच्या बाबतीत फोटो काचेला चिकटलेला असेल तर तो सोडवण्याच्या फंदात न पडता चौकटीसकट बांधावा.

कोपरे ही सपाट काचेची दुखरी जागा आहे. पुठ्ठ्याचे त्रिकोणी खिसे करून ते चारही कोपऱ्यांवर चढवावेत, मग संपूर्ण आरसा गोधडीत गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्यापेक्षा थोडे मोठे पुठ्ठ्याचे तक्ते लावावेत आणि सुतळीने बांधावे. कडक केलेली, म्हणजे टफन्ड, काच मधोमध बसलेला धक्का चांगला सोसते, पण तिच्या कडेवर फरशीचा एक टोला बसला तरी सगळ्या पानाचा भुगा होतो. त्यामुळे ती ताकदवान आहे म्हणून कोपरे उघडे ठेवू नयेत. दोन काचा एकत्र न्यायच्या असतील तर मध्ये कोरडा कागद हवाच. एकमेकींना चिकटून राहिलेल्या पानांमध्ये ओल शिरली की काचेवर न निघणारे डाग पडतात.

सपाट काच उभीच उचलावी, उभीच न्यावी आणि उभीच ठेवावी. भिंतीला टेकवून ठेवताना खाली गोणपाट घालावे, म्हणजे ती घसरत नाही.

हंडी आणि झुंबर

हे काम करताना घाई असेल तर ते दुसऱ्या दिवसावर ढकलावे. हंडी उतरवताना शिडीवर एक आणि खाली एक अशी दोन माणसे लागतात. वरच्या माणसाने साखळी सोडवायची आणि खालच्याने हंडीच्या पोटाखाली दोन्ही तळवे लावून तिचे वजन आधीच पेलून धरायचे. काठाला किंवा कानाला धरून हंडी कधीही उचलू नये. खाली आल्यावर पितळी कडे, साखळ्या आणि आतला दिवा काढून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. धातू आणि काच एकत्र राहिले तर धातू काच फोडतो, हे ठरलेलेच आहे.

हंडीचा तळ गोल असल्यामुळे ती खोक्यात टेकत नाही आणि तळाच्या एका बिंदूवर सगळे वजन येते. यावर आईने केलेला उपाय आजही मला सर्वोत्तम वाटतो. पाण्याची घागर डोक्यावर घेताना जशी चुंबळ करतात, तशी जुन्या नऊवारीची जाड चुंबळ वळून ती खोक्याच्या तळाशी, गोधडीच्या थरावर बसवावी. चुंबळीचे भोक इतके हवे की हंडीचा तळ त्यात विसावेल पण खालच्या गोधडीला टेकणार नाही, म्हणजे वजन एका बिंदूवर न येता गोलाकार कड्यावर वाटले जाते. हंडीच्या पोटात कापडाचे सैल बोळे भरावेत, बाहेरून आधी कोरा कागद आणि मग दोन पदरी साडी गुंडाळावी, आणि पोट जिथे सर्वांत फुगीर असते त्या उंचीला चारही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या खोचाव्यात. वर काठावर दुसरी, थोडी मोठ्या भोकाची चुंबळ उलटी ठेवावी. मग हे सगळे खोके आणखी मोठ्या खोक्यात, मध्ये सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर कागदाचे बोळे घालून बसवावे. बाहेरचे खोके कितीही आदळले तरी आतले त्या बोळ्यांवर डुलते आणि धक्क्याचा जोर तिथेच मरतो.

झुंबराचे लोलक काढण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, विशेषतः खालून वर पाहून. प्रत्येक फांदीला मास्किंग टेपवर क्रमांक लिहून तो तिच्या धातूच्या भागाला चिकटवावा, आणि त्या फांदीचे लोलक त्याच क्रमांकाच्या कागदी पुडीत ठेवावेत. लोलकांच्या माळा गुंतू नयेत म्हणून त्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर सरळ ताणून, वर कागद ठेवून गुंडाळाव्यात. क्रमांक न घालता उतरवलेले झुंबर पुन्हा जुळवताना दोन दिवस जातात, शिवाय चुकीच्या जागी बसलेला लोलक शेजारच्याला आपटत राहतो.

फिश टँक आणि टीव्ही

फिश टँक पूर्ण रिकामा केल्याशिवाय हलवू नये. ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या टँकमध्ये काठोकाठ ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो पाणी मावते. तळाशी चार बोटे पाणी आणि वाळू ठेवून तो उचलला, तरी तळाची काच पिळली जाते आणि सिलिकॉनचे सांधे सुटतात. टीव्हीचे मूळ खोके आणि थर्मोकोल ठेवले असतील तर त्यातच, उभा न्यावा. फ्रिजमधल्या काचेच्या फळ्या बाहेर काढून टेबलाच्या काचेप्रमाणे बांधाव्यात.

खुणा, हमाल आणि जिना

खोक्याच्या वर आणि चारही बाजूंना ‘काच’ असे ठळक लिहावे, त्याखाली दांडीच्या पेल्याचे चित्र काढावे आणि वरच्या दिशेने दोन बाण दाखवावेत. पेला आणि बाण या खुणा जगभर त्याच अर्थाने वापरल्या जातात. उचलणारा माणूस कर्नाटकातून किंवा बिहारमधून आलेला असू शकतो. त्याला मराठी वाचता आलेच पाहिजे अशी अपेक्षा धरण्याऐवजी चित्र काढावे.

काम सुरू होण्याआधी हमालांना प्रत्येक काचेचे खोके हाताने दाखवून सांगावे आणि मजुरी मजल्यांप्रमाणे आधीच ठरवावी, म्हणजे जिन्यात घासाघीस आणि घाई होत नाही. वाड्यातले लाकडी जिने अरुंद, उभे आणि अंधारे असतात. तिथे दोन जणांनी एक खोके धरले तर खालच्याला वरच्याची पावले दिसत नाहीत. मुरलेल्या हमालाने ते एकट्याने, डोक्यावर चुंबळ ठेवून उतरवणे अधिक सुरक्षित असते, असा माझा अनुभव आहे. जिन्याच्या वळणावर बॅटरी धरून एक माणूस उभा करावा.

गाडी आणि रस्ता

थोडीच काच असेल तर ती टेम्पोत न घालता मोटारीत न्यावी. मोटारीत सर्वांत चांगली जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायचा खळगा. तिथे खोके पुढे सरकत नाही आणि वरून काही पडत नाही. दुचाकीवर मागे बसून आरसा धरून नेणारे पुण्यात रोज दिसतात. वारा लागला की आरसा शिडासारखा वागतो, आणि फुटलेली काच धरणाऱ्याच्या मांडीत आणि मागच्या वाहनाच्या चाकाखाली जाते. हा मार्ग कोणीही पत्करू नये, अगदी पुढच्या गल्लीपर्यंतसुद्धा.

टेम्पोत मागच्या चाकांच्या पलीकडे बाहेर आलेला भाग खड्ड्यात सर्वांत जास्त उसळतो. म्हणून काचेची खोकी केबिनच्या लगत, गादीवर ठेवावीत. आरसे आणि टेबलाची काच गाडीच्या लांबीला समांतर उभी करावी. ब्रेक लागला की झटका पुढे-मागे येतो. काच त्या दिशेला समांतर असली तर तो तिच्या प्रतलातून जातो, आडवी उभी असली तर काच मधोमध वाकते. दोन गाद्यांच्या मध्ये आरसे उभे करून दोरीने बाजूच्या कड्यांना बांधावेत, पण दोर काचेवरून नव्हे तर गादीवरून न्यावा.

पेठांमध्ये गाडी दारापर्यंत येत नसेल तर ती कुठे उभी राहणार आणि तिथपर्यंत किती चालावे लागणार, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे. मध्यवस्तीत जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते. मोठी गाडी असेल तर वाहतूक पोलिसांकडे तिची वेळ विचारून घ्यावी. लक्ष्मी रस्त्यावरची दुकाने उघडण्याआधीची सकाळ सर्वांत चांगली. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत हे काम काढूच नये. चालकाला एकच विनंती स्पष्ट करावी: गतिरोधकावर गाडी पूर्ण हळू घ्यायची. कात्रजचा, खंबाटकीचा किंवा खंडाळ्याचा घाट उतरायचा असेल, तर पायथ्याशी थांबून दोर पुन्हा तपासावेत, कारण उतारावर सामान पुढे सरकून दोर सैल पडलेले असतात.

परगावी पाठवताना

काच परक्याच्या हाती परगावी पाठवायची असेल, तर बांधताना एक गोष्ट जास्त धरावी: खोके उलटे होईल, बाजूवर पडेल आणि त्यावर दुसरे खोके बसेल. म्हणून इथे खोक्यात खोके हीच पद्धत, आणि भरून झाल्यावर ते स्वतः उलटे करून पुन्हा हलवून पाहणे आवश्यक आहे. काचेची जोखीम वाहतूकदार घेतो की नाही, हे माल देण्याआधी लेखी विचारावे आणि पावतीवर वस्तूचे वर्णन व किंमत लिहून घ्यावी. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७ सालचा कायदा लागू आहे. त्यानुसार मालाच्या हानीबद्दल वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते. अधिक किमतीची जोखीम त्याच्यावर टाकायची तर जादा जोखीम दर भरण्याचे आधी कबूल करावे लागते. हानी झाल्यास दावा लावण्यापूर्वी माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. खोके बाहेरून चेपलेले दिसले तर उघडण्याआधीच त्याचे छायाचित्र काढावे आणि पोहोचपावतीवर तसा शेरा लिहूनच सही करावी.

उघडताना

नव्या घरी काचेची खोकी सर्वांत शेवटी उघडावीत, कारण ती मांडायला कपाट आणि टेबल आधी जागेवर हवे असते. जमिनीवर गोधडी पसरून त्यावर बसून उघडावे, चपला आणि हातमोजे घालावेत आणि चाकू पुठ्ठ्यात खोल घालू नये. प्रत्येक कागद टाकण्यापूर्वी उलगडून, दाबून पाहावा. लोलक आणि बरण्यांची छोटी झाकणे रद्दीबरोबर जातात. वहीतल्या संख्येशी मोजणी जुळेपर्यंत एकही खोके रद्दीवाल्याला देऊ नये.

उन्हात तापलेल्या टेम्पोतून आलेली काच लगेच गार पाण्याखाली धरू नये आणि डिसेंबरच्या पहाटे आलेल्या गार ग्लासात उकळता चहा ओतू नये. साधी काच उष्णतेने जेवढी प्रसरण पावते त्याच्या साधारण एक-तृतीयांश प्रसरण बोरोसिलिकेट काचेचे होते, म्हणून ती हा बदल सोसते. साधी सोसत नाही. काच दोन-तीन तास घरातल्या हवेत राहू द्यावी, मग प्रत्येक ग्लास पुन्हा नखाने वाजवून पाहावा आणि त्यानंतरच वापरात घ्यावा. हंडी टांगण्यापूर्वी नव्या छताचा हूक, हंडीच्या वजनाच्या दुपटीएवढे वजन त्याला एक रात्र लटकवून तपासावा.

एखादी वस्तू फुटलेली निघालीच, तर मोठे तुकडे हातमोजे घालून उचलावेत आणि बारीक कण ओल्या कागदाने किंवा कणकेच्या गोळ्याने टिपून घ्यावेत. झाडूच्या काड्यांत अडकलेले कण पुढे घरभर पसरतात. हे सगळे जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, पट्टी लावून, वर मोठ्या अक्षरांत ‘फुटकी काच’ लिहावे आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंच्या हाती वेगळे, सांगून द्यावे. कचरा त्या हातांनीच वेगळा करतात.